अर्ध्या पोटी निघालेला फुगा

आमच्या घरातून कुणी अर्ध्या पोटी बाहेर पडलेलं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अजिबात चालत नाही. हे ठाऊक असूनही हेलियमच्या टाकीपाशी मी त्यांनाच बसवलं, हा मूर्खपणा माझाच.

मी धाराशिवला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. खूप उंचावरून भरदुपारीही आभाळ काळं दिसतं, त्याचा फोटो आपण काढायचाच, असं मी पोरींना कबूल करून बसले होते. वर्षभर परवानग्यांमागे धावले. अखेर अणदूरच्या आमच्या रानातून फुगा सोडायचं ठरलं, खाली कॅमेऱ्याची थर्माकोलची पेटी बांधून.

फुगा पाहून आबा नाराज झाले. “एवढा ढिला? लोकं काय म्हणतील?”

“मुद्दामच ढिला हाय, आबा. इथं हवा त्याला चहूबाजूंनी दाबून धरती. वर हवा विरळ, दाबणारं कुणी न्हाय. मग आतला गॅस पसरतो, रबर ताणत ताणत फुटतं. आत्ताच गच्च भरला तर लवकर फुटंल.”

आबांनी मान डोलावली. मी पेटीची दोरी तपासायला वळले. परत पाहिलं तर फुगा जरा टम्म वाटला. ऊन लागलं असेल, असं मी मनाला समजावलं.

फुगा झोकात वर गेला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर फुटला. उमरग्याच्या पुढं पडेल वाटलेली पेटी पॅराशूटला लटकत अलीकडच्याच एका तुरीत उतरली. फोटोंत आभाळ पिकल्या जांभळाच्या रंगाचं होतं, काळं नव्हतं. पोरींचे चेहरे पडले, माझाही. मग पहिला फोटो उघडला आणि मी पोट धरून हसले. पेटी बाजेवर ठेवली होती तेव्हाच कॅमेरा चालू झाला होता आणि त्यात आबा होते: नजर माझ्या पाठीवर, हात टाकीच्या चावीवर!

“आबा, किती फिरवलीत?”

“लई न्हाय, दोनच फेरे,” ते खाली बघत म्हणाले. “एवढ्या लांब चाललंय, उपाशी कसं धाडावं?”

पुढच्या खेपेला आबा आपणहून टाकीपासून लांब, हाताची घडी घालून बसले. फुगा ढिलाच सोडला. या वेळी आभाळ काळंकुट्ट आलं, खाली पृथ्वीची निळी कड. पोरी नाचल्या आणि मला आनंदानं रडूच आलं.

तो फोटो आता ओसरीत लावलाय. पाहुण्यांनी विचारलं की आबा ऐटीत सांगतात, “वरलं आभाळ हाय. आमच्या लेकीनं फुगा उपाशी धाडला, म्हणून तिथवर पोचला.” आणि नको नको म्हणणाऱ्या त्या पाहुण्याच्या ताटात आणखी एक धपाटं वाढतात.