वाटणीत गेलेली बुरशी

मांजरसुंब्याच्या फाट्यावर आमचं जिलबीचं दुकान होतं आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, काकांचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि काका असे दोघे भाऊ एकाच वेळी कढई चढवायचे, समोरासमोर बसून जिलब्या पाडायचे आणि एकमेकांकडे चुकूनही बघायचे नाहीत. मी शाळेत असताना वाटणी झाली होती. कढया वाटल्या, पराती वाटल्या. जिलबीच्या आंबलेल्या पिठाचं मडकं मात्र एकच होतं, म्हणून त्यातलं अर्धं पीठ काकांनी दुसऱ्या मडक्यात ओतून नेलं. भांडण कशावरून झालं ते आई एक सांगायची, काकू दुसरंच. शेवटी मी विचारायचंच सोडून दिलं.

त्या वर्षांत फाट्यावर नव्या वस्तूंची झुंबड उडाली होती. थंड पेयांचे लाल-निळे फ्रीज आले, चकचकीत पुड्यांतले वेफर्स आले आणि अप्पांना आपलं दुकान एकाएकी कळकट दिसायला लागलं. अप्पांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती करूनच ते श्वास घ्यायचे. जानेवारीत दुकान बंद ठेवून त्यांनी पांढऱ्या फरशा बसवल्या, काचेचं काउंटर केलं आणि आतून काळंकुट्ट झालेलं ते मडकं पिठासकट उकिरड्यावर टाकलं. त्याच्या जागी स्टीलचं पिंप आलं. ते त्यांनी स्वतः साबणाच्या पावडरीनं घासलं, कढत पाण्यानं विसळलं, उन्हात वाळवलं.

"बगा, तोंड दिसतंय त्यात," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगत होते.

मी तेव्हा बीडच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते. सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय नवाच सुरू झाला होता आणि मला त्याचं खूळ लागलं होतं. सूक्ष्मदर्शकातून यीस्ट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जागची हलेना. भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या पेशी आणि एकीच्या कडेला फुटलेला इवलासा अंकुर. तोच वाढतो, सुटा होतो, झाली नवी पेशी. लग्नाची बोलणी नाहीत, पाहुणे नाहीत, पोहे नाहीत! घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, त्यामुळे मला यीस्टचा खराखुरा हेवा वाटला. यीस्ट ही बुरशीच, हे कळल्यावर तर मला सगळीकडे बुरशीच दिसू लागली. शेजाऱ्याच्या मानेवरचा नायटा, ज्वारीच्या कणसावरचा काणी रोग, डॉक्टर देतात ते पेनिसिलिनचं इंजेक्शन, सगळ्याच्या मागे कुठली ना कुठली बुरशी आहे, हे मी जेवताना सांगायची आणि आई ताट घेऊन उठून जायची.

सव्वीस जानेवारीला जिलबी खाल्ल्याशिवाय झेंडावंदन झालं असं आमच्याकडे कुणी मानत नाही. नव्या दुकानाचा पहिला दिवस म्हणून अप्पांनी तोच धरला होता आणि आसपासच्या शाळांच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्या होत्या. आदल्या सकाळी त्यांनी पिंपाचं झाकण काढलं. रात्री भिजवून ठेवलेलं पीठ जसंच्या तसं. ना बुडबुडा, ना आंबूस वास. तेल तापवून चार वेटोळी टाकून पाहिली, तर ती चपटी पडली. आत पोकळीच नाही, मग पाक शिरणार कुठे?

अप्पांनी आधी मैद्याला शिव्या घातल्या, मग पाण्याला, मग पलीकडच्याच्या नजरेला.

मी म्हणाले, "अप्पा, मडक्यात बुरशी होती. ती तुमी फेकली."

"हळू बोल गं! आपल्या जिलबीत बुरशी? गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"चांगली असती ती. जिती असती. साखर खाती अन् वायू सोडती, म्हणून जिलबी आतून पोकळ होती."

"जिती?" अप्पांचा हात कपाळावरच्या विभूतीकडे गेला. "म्हंजी आपण शाकाहारी म्हणायचं अन् जिता जीव तळायचा?"

"दह्यातबी जीवच हायत."

"आता दहीबी सोडायला लावती का काय ही!" आई म्हणाली.

पण अप्पा विचारात पडले. रोज उरलेलं थोडं पीठ उद्याच्या पिठात जायचं, हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं. त्या थोड्यात कोण राहत होतं, तेवढं ठाऊक नव्हतं. आईनं खायचा सोडा सुचवला, तो त्यांनी उडवून लावला. हवेतलं यीस्ट आपणहून येऊन वाढायला त्या थंडीत कितीतरी दिवस लागले असते. आमचं यीस्ट आता एकाच ठिकाणी जिवंत होतं. मी बोटानं रस्त्यापलीकडे दाखवलं.

"दुकान बंद करीन, पण त्याच्या दारात जाणार न्हाई."

माझं डोकं फिरलं. "ते काकाचं न्हाई अन् तुमचंबी न्हाई! वाटणी झाल्यावरबी दोन्ही मडक्यांत एकच नांदत होतं. वेगळं तुमालाच व्हायचं होतं."

अप्पांसमोर इतक्या वरच्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. आईनं माझा हात धरला. मी तो सोडवून पातेलं उचललं, तर अप्पांनी ते माझ्याकडून काढून घेतलं.

"तू न्हाई. मागायचं तर मीच मागंन."

ते रस्ता ओलांडून गेले. नेमका एक ट्रक मध्ये येऊन थांबला आणि आम्हाला काही दिसेना. मला फार भीती वाटली. काका चारचौघांत काही टोचून बोलले असते, तर अप्पांनी ते आयुष्यभर मनात ठेवलं असतं आणि पाठवणारी मी होते.

ट्रक हलला तेव्हा अप्पा परत येत होते. एका हातात आमचं पातेलं, रिकामंच. दुसऱ्या हातात फडकं बांधलेलं मडकं. फडकं सोडलं तर आत पीठ फसफसत होतं. अप्पांनी ते पिंपात ओतलं आणि कोपरापर्यंत हात घालून कालवलं. मग नळाखाली हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा तोंड धुतलं.

"काय म्हणले भावजी?" आईनं विचारलं.

"माझी जिलबी चपटी पडली ते बगितलतं त्यानं. तवाच मडकं भरून ठेवलतं."

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"मागावंच लागलं न्हाई."