काकूंच्या कानातलं मशीन

दापोलीच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. ऑनलाइन फसलेला माणूस आधी घरच्यांपासून लपवतो, मग माझ्याकडे येतो. मला किस्से शोधत फिरावं लागत नाही!

* * *

सलीमभाई दुबईत आयुष्य काढून आलेले. "ओरिजिनल काय ते आम्हाला शिकवू नको!" असं सारखं ऐकवायचे. त्यांनी मागवलेली पॉवरबँक मी उघडली, तर आत इवलीशी बॅटरी आणि वजनासाठी वाळूची पुडी! सलीमभाईंनी वाळू चिमटीत घेतली.

"अरे, समुद्रावर राहणाऱ्याला वाळू विकली रे मेल्यांनी!"

रिफंड मिळाला. पण त्या दिवसापासून ते ओरिजिनलबद्दल बोलत नाहीत.

* * *

संदेश लोटे एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्ट करतो. आईसाठी घेतलेला फोन डुप्लिकेट निघाला. परत न्यायला आलेल्या कुरिअरवाल्याने बघितला आणि हात झटकले, "डाग आहेत, घेता येणार नाही!"

नवी वस्तू आली की आई हळदकुंकू लावते. फोनला पुढून, मागून, अगदी चार्जिंगच्या भोकातसुद्धा!

रिफंड बुडाला. फोन मुळातच खोटा होता हे तिला अजून पटत नाही. "चांगला होता हो, माझ्या कुंकवानं बिघडला," म्हणते आणि डोळे पुसते. फार वाईट वाटतं.

* * *

आणि आंजर्ल्याचे वामनकाका. काकूंना ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी ऑनलाइन कानाचं मशीन मागवलं. काकूंनी घातलं आणि हसल्या, "अहो, ऐकू येतंय!" काकांनी आळीभर पेढे वाटले.

पुढे मशीनवर लुकलुकणारा दिवा बंद पडला, म्हणून काका माझ्याकडे आले. मी उघडलं. आत एक सेल आणि दिवा. बाकी काहीच नाही!

"काका, हे खोटं आहे."

"काहीतरीच! ती सगळं ऐकते. मी समोर बसून सावकाश बोलतो, ती बरोब्बर उत्तर देते."

"आणि आधी कसं बोलायचात?"

"ओसरीवरून हाक मारायचो. ओ आली नाही, की चिडायचो." एवढं बोलून काका खाली बसले.

मी रिफंडची तक्रार टाकली. मंजूर झाली, फक्त मशीन परत द्यायचं होतं. न्यायला माणूस येणार त्या सकाळी काका दुकानात हजर.

"कॅन्सल कर."

"अहो, त्या पैशांत डॉक्टरकडून खरं घेता येईल!"

"काल तिला सांगितलं, खोटं आहे म्हणून. म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण ते परत दिलंत, तर तुम्ही पुन्हा ओसरीवरूनच बोलाल."

काकांनी मशीन माझ्यासमोर ठेवलं.

"तेवढा दिवा लागेल असं कर."