कोरडा रस्ता

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण रस्त्यावर तेलाचा डाग दिसला की माझे पाय अजून थबकतात. याला कारण तासगाव भागातली ती केस.

द्राक्षछाटणीचा हंगाम होता. एका बेदाणा व्यापाऱ्याची मोटार भरदुपारी वळणावरून आली आणि रस्त्याकडेच्या भाजीवालीला ठोकरून भिंतीवर आदळली. बाईचा पाय मोडला. गाडी व्यापाऱ्याचा पुतण्या चालवत होता. "ब्रेकच लागले नाहीत," तो म्हणाला. आम्ही घटनास्थळी पोहोचतोय तोच ठाण्यात निनावी फोन आला : कामावरून काढलेल्या ड्रायव्हरने ब्रेकचा पाईप कापलाय. वाकून पाहिले, तर पुढच्या चाकाजवळचा रबरी पाईप खरोखरच कापलेला!

ड्रायव्हर मलकापूरचा, फौजेतून निवृत्त झालेला. नुकतीच त्याने याच गाडीच्या मागच्या चाकाची ब्रेक ऑइलची गळती काढली होती. त्यानंतर मालकाशी वाजले आणि नोकरी गेली. म्हणजे राग होता आणि ब्रेकची माहितीही होती. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल करा, म्हणून व्यापारी हटून बसला.

चौकशीत ड्रायव्हर ताठ उभा राहिला. "सायेब, भांडाण झालं, न्हाई म्हनत न्हाई. पन ज्या हातानं गळती काढली, त्याच हातानं पाईप कापीन व्हय?"

त्याची बायको व्हरांड्यात डबा घेऊन बसली होती. "आवं सायेब, जल्म वर्दीत काढला ह्यांनी. आता बेड्या घालून गावातनं न्हेनार व्हय?"

मला गलबलून आले. पण डोळ्यांतल्या पाण्यावर तपास चालत नाही.

वाट दाखवली ती आमच्या ठाण्याच्या जीपने. नाव मोठे, लक्षण खोटे असे ते वाहन. ब्रेक दाबला की जीप तेलाचे थेंब सांडायची. साहेब कुठे कुठे थांबले हे हवालदार डांबरावरचे डाग बघून सांगत, आणि चहाच्या गाड्यासमोर डाग जरा जास्तच असत. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपखालचा डाग पाहिला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अपघाताच्या जागी तेल होते ते फक्त भिंतीशी, थांबलेल्या चाकाखाली. वळणापासून भिंतीपर्यंतचा रस्ता कोरडा ठणठणीत होता.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. पंचांसमोर नवा पाईप बसवला, तेल भरले, नळ्यांतली हवा काढली आणि जोर लावून पॅडल दाबले. ब्रेक कडक लागला. ड्रायव्हरने दुरुस्त केलेल्या मागच्या चाकाशीही एक थेंब नव्हता.

मग पुतण्याला समोर बसवून चहा दिला. चहाने माणूस सैल होतो, हा माझा अनुभव.

"वळणापासून ब्रेक दाबत होतास?"

"व्हय साहेब, लय जोरात. सारखा दाबत हुतो."

"पाईप आधी कापला असता तर दाबल्याबरोबर तेलाची पिचकारी उडाली असती. मग रस्ता कोरडा कसा?"

त्याने कप बाजूला सरकवला. गाडीच्या डिकीत सापडलेली द्राक्षछाटणीची कात्री मी टेबलावर ठेवली. पोरगा ढसाढसा रडायला लागला.

"मोबाईलवर बोलत हुतो, साहेब. लोकं बाईला उचलायला धावली, तवा पाईप कापला. तुमाला फोनबी मीच केला."

काल ठाण्यात आवाज चढवणारा व्यापारी आता जमिनीकडे बघत होता. मला बढतीच्या आदेशानेही एवढा आनंद झाला नव्हता. तसाच व्हरांड्यात गेलो. ड्रायव्हरची बायको आजही डबा घेऊन बसली होती. "ताई, डबा घरी न्या. तुमचे यजमान घरीच जेवतील."

त्या केसने मला एक गोष्ट शिकवली. राग होता एवढ्यावर माणूस गुन्हेगार ठरवायचा, तर निम्मे गाव कोठडीत घालावे लागेल. तेव्हापासून मी आधी जागा बघितली आणि मग माणूस.

दोन दिवसांनी तो ड्रायव्हर हत्यारांची पिशवी घेऊन ठाण्यात हजर! "सायेब, तुमच्या जिपीनं मला सोडवलं. आता तिला बरी करू द्या."

हवालदार कुरकुरले, आता साहेबांचा माग कसा लागायचा? दुपारी मी जीपने न्यायालयात गेलो. फाटकाशी उतरून मागे वळून पाहिले. रस्ता कोरडा होता.