आखाजीची घागर

चांगुणाबाईंच्या सिडकोतल्या घरामागे खाटेएवढी जमीन होती आणि तिच्यात वांग्याची तीन झाडे. गावाकडचे शेत विकले गेले, पती गेणू वारले. त्यांनी राखलेल्या हिरव्या, काटेरी देठाच्या वांग्याच्या बियांची एक पुडी तेवढी शहरात आली. गेल्या वर्षी मे महिन्यात बाई दहा दिवस लग्नाला गेल्या आणि मागे वाफा करपला. पुडीच्या तळाशी उरलेल्या चिमूटभर बियांतून ही तीन झाडे उभी राहिली होती. एक वांगे त्यांनी बियाण्यासाठी झाडावरच पिकायला ठेवले होते. ही झाडे गेली की वाण संपला.

आणि उद्या सकाळी मनमाडला निघायचे होते, लेक सायलीच्या बाळंतपणाला. चांगले बारा दिवस.

"मी घालीन ना पाणी," दीपक म्हणाला.

"मागल्या साली बी तूच घालणार व्हतास," बाई शांतपणे म्हणाल्या. लेकाने मान खाली घातली.

प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या रोवून झाल्या होत्या; एक तासाभरात रिकामी झाली, दुसरीचे भोक चिखलाने बुजले. मग बाईंनी माळ्यावरचे दोन जुने माठ काढून झाडांलगत गळ्यापर्यंत पुरले, काठोकाठ भरून वर झाकण ठेवले. मातीचे भांडे पाझरते, मुळे हवे तेवढे पाणी ओढून घेतात, हे त्यांनी माहेरी पाहिले होते. आज तिसरा दिवस. झाकण उचलले तर पाणी होते तिथेच, आणि पाने मात्र माना टाकून बसलेली.

बाईंनी कपाळावर हात मारला. "पाणी गार होईना म्हणून तर म्या हे माठ बाद केले. बोअरच्या पाण्यानं यांची भोकं बुजलेली. जे पाझरत नाय, ते गार काय करणार अन् झाड काय जगवणार!"

"नवीन आणू?" सून निकिताने विचारले.

"कोपऱ्यावरच्या माठांना बाहेरून रंग चोपडलाय. ते बी मुकेच, पाझरायचे नाय."

घरात कोरी, रंग नसलेली घागर एकच होती. पंधरा दिवसांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेणूंच्या नावाने भरून पुजलेली. बाईंनी तिच्यावरून हात फिरवला. तिचे पोट ओलसर, गार लागत होते.

"आई, पितरांची घागर जमिनीत पुरायची?" निकिता हळूच म्हणाली.

"त्यांना पाणी पोचावं म्हणूनच भरतो ना? वांगी त्यांचीच हायेत."

माठ उपटले गेले. तिन्ही झाडांच्या मधोमध घागर बसली. रात्री झाकण उचलून पाहिले, तेव्हा पाणी चार बोटे उतरले होते. "दर तिसऱ्या दिवशी भर," एवढेच बाईंनी सुनेला सांगितले.

तेराव्या दिवशी त्या परतल्या त्या थेट मागच्या दारी. पाने ताठ होती आणि बियाण्याचे वांगे हळदीसारखे पिवळे पडले होते.

"दर तिसऱ्या दिवशी तळ दिसायचा हो," निकिता म्हणाली. "बाबांना तहान लयच!"

"पहिल्यापासून," बाई हसल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

संध्याकाळी बिया राखेत घोळून कागदावर पसरल्या. वाळल्यावर बाईंनी त्यांच्या दोन पुड्या बांधल्या. एक आपल्या ट्रंकेत ठेवली. दुसरी सुनेच्या हातावर.