पेपरवेटवाले डॉक्टर

काचेवर पेपरवेट गरगरल्याचा आवाज आला, की मला डमडमचे ते बालरोगतज्ज्ञ आठवतात. बाकावर क्षणभरही न टिकणाऱ्या माझ्या लेकीला शाळेतून काढणार होते. डॉक्टरांचे निदान हाच आमचा शेवटचा आधार होता.

चंचल मूल ओळखण्याची त्यांची कसोटी सोपी होती: मुलाला समोर बसवायचे आणि ते हलते का, हे पाहायचे. पाहण्यासाठी मात्र ते स्वतः जागेवर हवेत! ते खिडकी लावायला उठत, वाटेत चहा मागवत, खिडकी तशीच विसरून परत येत आणि पुन्हा पेपरवेट फिरवू लागत. त्यातल्या गिरक्या घेणाऱ्या निळ्या फुलात हरवून लेक मूर्तीसारखी बसली.

"पाहा, किती शांत! काही झालेलं नाही हिला."

"डॉक्टरबाबू, नव्या जागी ती अशीच बसते. तिच्या शिक्षिकेला तरी विचारा."

"आम्ही डोळ्यांनी पाहतो, मॅडम. ऐकीव गोष्टींवर औषध देत नाही."

"मग वर्गातल्या त्या धावपळीचं कारण काय?"

पेपरवेट थांबले. प्रथमच स्थिर होऊन त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"कारण एकच: मदर."