भाऊजींची पहिल्या खेपेची गाडी

लोक त्याला भिंगवाला म्हणत. त्याच्या खिशात पेनाच्या जागी भिंग असायचं, आणि दुकानात कुणी गाडी आणली की हँडल धरायच्या आधी तो गुडघे टेकून खाली बसायचा. दुकान मिनीबाइकच्या दुरुस्तीचं. मिनीबाइक म्हणजे कमरेलाही न येणारी मोटारसायकल: दोन बुटकी चाकं, वाकवलेल्या नळ्यांचा सांगाडा आणि गवत कापायच्या यंत्राला असतं तसलं इंजिन. एके काळी ते पोरासोरांचं खेळणं होतं. मग कारखाने बंद पडले, पोरं टकली झाली आणि त्याच खेळण्यापायी वेडी झाली. वेडे आले म्हटल्यावर नकला करणारेही आलेच.

अस्सल कोणती नि नक्कल कोणती, हे सांगण्यात भिंगवाल्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "खरी गाडी सगळीकडून सारखी म्हातारी होत नाही," तो म्हणायचा. "पाय ठेवायच्या दांडीवरचा रंग उडालाय नि सीटखाली कोरा आहे, तर ती वापरलेली. सगळीकडून एकसारखी जुनी दिसली, की समजा कुणीतरी बसून जुनी केलीय." नळीवर टिचकी मारून तो जाडी सांगायचा. जुने बोल्ट इंचाच्या मापाचे; गाडीच्या बोल्टवर मिलिमीटरचा पाना चपखल बसला, की तो मालकाकडे न बघताच नकारार्थी मान हलवायचा. आणि सगळ्यांत पक्की खूण नंबराची. हँडलखाली सांगाड्याची मान असते, तिथे तो ठोकलेला असायलाच हवा. नसला तर पुढचं बोलणंच नको.

त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा नेमका उलट्या स्वभावाचा. भाऊजी पट्टीचे थापाडे. उंदीर मारला तरी वाघ मारल्यासारखं सांगायचे. माणूस दिलदार, पण जीभ मोकाट सुटलेली. भिंगवाला तरुण असताना त्याचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. बोलणी चालू असताना भाऊजींनी फुशारकीनं सांगून टाकलं, "आमचा मेहुणा म्हणजे कारखान्याचा मालक!" मुलीकडच्यांनी चौकशी केली. कारखाना निघाला एका शटरचा, आणि तोही भाड्याचा. "पहिल्याच भेटीत खोटं बोलणारी माणसं आम्हाला नकोत," असा निरोप आला. भिंगवाल्यानं नंतर लग्न केलंच नाही. भाऊजींना तो त्याबद्दल एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

भाऊजी उमेदीच्या काळात मिनीबाइकच्या एका कारखान्यात रंगारी होते. त्यांच्या घरी एक लाल गाडी होती. "पहिल्या खेपेतली आहे. मालकांनी स्वतःच्या हातानं मला दिली," असं ते येईल त्याला सांगायचे. ऐकणारे एकमेकांना डोळा मारायचे. ताईसुद्धा हसून म्हणायची, "अहो, पुरे."

पुढे शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. त्या कारखान्याच्या पहिल्या खेपेतली गाडी मिळाली तर दारातच मांडू, असं आयोजकांनी जाहीर केलं. भाऊजींच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दम्यानं जिना चढवत नव्हता, तरी गाडी धुऊनपुसून टेम्पोत घालून ते हॉलवर पोचले. ताई बरोबर होती. गाड्या तपासायला अर्थातच भिंगवाला.

तो गुडघ्यांवर बसला. मानेवर नंबर नव्हता. सांगाड्याचे सांधे ओबडधोबड होते, एकही दुसऱ्यासारखा नाही. सीटखालच्या पट्टीवर हातानं ठोकलेले वाकडेतिकडे आकडे होते. बोल्ट मात्र इंचाचे होते, नळी जाड होती आणि दांडीवरचा रंग बरोबर जिथे उडायला हवा तिथेच उडाला होता. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तो म्हणाला असता, ठेवून जा, नीट बघतो.

"काय मग, शेठ?" भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सांगा यांना, कुठली ते!"

"घरगुती आहे," भिंगवाला उठत म्हणाला. "कुणीतरी गल्लीत जोडलेली. कारखान्याची नाही."

"अरे, मी स्वतः रंगवलीय!"

"रंगवली असेल. रंगाचं मी काही बोललोच नाही."

आजूबाजूला हशा पिकला. भाऊजीही सवयीनं हसायला गेले, पण त्यांना खोकल्याची उबळ आली. ताईनं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. जाताना तिनं भावाकडे पाहिलं ते रागानं नव्हे, माफी मागितल्यासारखं.

त्यानंतर भाऊजींची बडबड आटली. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. दमा वाढला, मग अंथरूण धरलं, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आतच ते गेले. ताईनं गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली. "डोळ्यांसमोर नको," एवढंच म्हणाली.

काही वर्षांनी भिंगवाल्याच्या दुकानात एक म्हातारा आला. हातांवर भाजल्याचे जुने डाग. नातवासाठी टायर हवं होतं. बोलता बोलता कळलं, तो त्याच कारखान्यात वेल्डर होता.

"सगळ्यांत आधीच्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील," भिंगवाल्यानं सहज विचारलं.

"पाहिल्या काय, मीच जोडल्या! सांगाडा धरायला साचाच नव्हता तेव्हा. एकानं नळी धरायची, दुसऱ्यानं जोडायची. सांधे असे यायचे, की बघणाऱ्याला वाटावं दारू पिऊन जोडलेत."

"नंबर?"

"मानेवर ठोकला की नळी चेपायची. म्हणून सीटखालच्या पट्टीवर ठोकले. साचा आला नि मग नंबर मानेवर गेला. त्यातली एक मालकांनी आमच्या रंगाऱ्याला दिली. भारी बडबड्या माणूस! पण गाडी दिली त्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. रडत होता."

भिंगवाल्यानं टायर दिलं आणि शटर ओढलं. भंगारवाला त्याच्या ओळखीचा होता. त्यानं डोकं खाजवत आठवलं: इंजिन वितळवायला गेलं, चाकं कुणी हातगाडीला नेली. सांगाडा कापून त्यानं आपल्याच कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं होतं. भिंगवाला खुराड्यापुढे गुडघे टेकून बसला. पट्टी बिजागरीजवळ होती. चिखल पुसल्यावर आकडे दिसले, वाकडेतिकडे, ठळक.

ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, गाडी खरी होती. भाऊजी खरं बोलत होते."

तिचे हात थांबले नाहीत. "कोण म्हणतं?"

"ज्यानं जोडली तो. आणि मी आत्ता नंबर बघून आलो."

"तेव्हा नंबर नव्हता?"

"होता."

"तुला दिसला होता?"

"हो."

"मग तेव्हा बघत काय होतास तू?"

त्याला उत्तर माहीत होतं. "भाऊजींना बघत होतो."

ताईनं एक उशीचा अभ्रा उगाच उलगडून त्याची पुन्हा घडी घातली. "शेवटी शेवटी ते रोज म्हणायचे, तुझ्या भावाला एकदा परत बघायला सांग. फक्त एकदा. मी तुला सांगितलंच नाही. मला त्यांची लाज वाटायची रे. मी म्हणायचे, आता तरी पुरे करा." तिनं अभ्रा ढिगावर ठेवला. "मरणाऱ्या माणसाला मी असं म्हणत होते."

"ती नंबराची पट्टी मी कापून आणू?"

"कशाला? मी काय करू पट्टीचं?"

त्यानं प्रदर्शनाच्या आयोजकांना फोन करून सगळं सांगितलं. "अरे वा, बरं झालं कळलं," ते म्हणाले, आणि यंदा तपासायला कधी येता, असं विचारू लागले. तो गेला. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

ताईचं आणि त्याचं येणंजाणं अजून आहे. ती त्याच्यासाठी डबा घेऊन येते, तो तिच्या नळाला वॉशर बसवून देतो. दोघं हवापाण्याचं बोलतात.