डंपरच्या मागे उभं राहायचं कोणी?

ती घटना आठवली की आजही मला आधी इंजिनाचा आवाज ऐकू येतो, मग माणसं दिसतात. करंजाड्याला भरावाची कामं जोरात चालली होती तेव्हाची गोष्ट. मातीचा डंपर एकाएकी मागे आला आणि मागे उभा असलेला मुकादम गाडी आणि ढिगाऱ्यामध्ये चिरडून जागीच गेला.

मी तेव्हा पनवेलमध्ये सहायक पोलीस निरीक्षक होते. कमरेला पिस्तूल, डोळ्यांवर काळा चष्मा आणि आपल्याला सगळं कळतं हा पक्का समज. पंचनामा आटोपतो न आटोपतो तोच ठाण्यात निनावी फोन आला. "ड्रायव्हरचं काल मुकादमाशी जोरदार भांडण झालं होतं. मुद्दाम घातलीय गाडी." मजुरांनीही भांडणाला दुजोरा दिला. झालं! माझ्या लेखी खुनाचा गुन्हा शाबीत.

ड्रायव्हर जवळच्याच गावचा, पंचविशीचा.

"किल्ली बंद का नाही केलीस?"

"केली ना! पन डिझेलची गाडी नुसत्या किल्लीनं नाय बंद होत, मॅडम. पंपाचं डिझेल तोडायला केबल खेचावी लागते. ती हललीच नाय. गाडी अशी गरजली, क्लच दाबेपर्यंत..."

"मला शिकवतोस?" मी टेबलावर हात आपटला. माझी स्कूटर किल्लीने बंद व्हायची, म्हणजे जगातली प्रत्येक गाडी तशीच बंद व्हायला हवी, असा माझा गाढा अभ्यास.

जप्त केलेला डंपर पाहताना मात्र इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर तारेत ओवलेलं कंपनीचं शिशाचं सील दिसलं. तार तोडून पुन्हा पिळलेली होती. मुद्देमालाला सिलं लावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उघडलेलं सील मला लांबूनही ओळखू येतं. पंचांसमक्ष पंप आणि डिझेलचा फवारा मारणारे नोझल उतरवून घेतले आणि गावात असे पंप दुरुस्त करणाऱ्या पंपरूमच्या मालकाकडे, चाचांकडे नेले.

चाचांनी नोझल टेस्टरला लावून दांडा दाबला. धुक्यासारखा फवारा उडाला. मी ऐटीत बोट पुढे केलं. फटकन हातावर चापट बसली.

"हाथ नको, मॅडम! हे प्रेशर चमडीतून आत घुसतं. बोट कापावं लागेल."

माझा हवालदार खोकल्याच्या आडून हसला.

नोझल चांगले निघाले. मग पंप खोलला. आत प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या. तो किती फिरतो त्यावर इंजिनाला किती डिझेल जायचं ते ठरतं, आणि सगळे दट्टे एकाच दांडीने फिरतात. एका दट्ट्यात बारीक खडा रुतला होता.

"एक अडकला की दांडी जाम, केबल खेचून पण हलत नाही," चाचा म्हणाले. "डिझेल फुल. मग किल्ली काढून घरी जा, इंजिन पळणारच. ताकद वाढवायला कुणीतरी सील तोडून स्क्रू फिरवलाय. तोही मातीत बसून."

निनावी फोन डंपरमालकाच्याच ऑफिसातून आला होता, हे एव्हाना कळलं होतं. त्याला ठाण्यात, जप्त डंपरपाशी बोलावलं. गाडी ठणठणीत असल्याचं तो छातीठोकपणे सांगत होता. पंप चाचांच्या टेबलावर पडलाय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ठणठणीत ना, शेठ? मग जरा मागे उभे राहा. रिव्हर्समध्ये चालू करून बघू."

"उगाच कशाला, मॅडम..."

"उभे राहा."

आमच्या पोलीस जीपचा ड्रायव्हर कॅबिनमध्ये चढला. शेठ मागच्या चाकापर्यंत गेला. कॅबिनचं दार धाडकन लागलं आणि तो उडी मारून बाजूला झाला.

"नको! पंप अडकतो तिचा! पोरगा मला बोलला होता!"

मग मी आरोपीला तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच तासाला विचारायला हवा होता. भांडण कशावरून झालं?

"मी बोललो, गाडी दुरुस्तीला जाऊ दे. मुकादम बोलला, शेठची ऑर्डर हाय, खेपा मार."

ज्या भांडणावरून मी त्याला जन्मठेपेला धाडायला निघाले होते, त्यातच त्याची सुटका होती. मजुरांचे जबाब पुन्हा घेतले. खुनाचं कलम निघालं, गुन्हा मालकावर लागला. सुटताना पोराने विचारलं, "मॅडम, मुकादमाच्या घरी मी जाऊ का?" 

भांडण झालं का, हे कुणीही सांगतो. कशावरून झालं, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आता नातवंडं रडत येतात तेव्हा कुणी मारलं एवढ्यावर मी थांबत नाही, कशावरून ते विचारते. मारणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकते. बऱ्याचदा तोच खरा निघतो. नाही निघाला, तर आजीचा हात अजून चालतो.